इस्राईलचे सिनेमे आणि चंद्राकाकूचं दार

उसाच्या बुडात कोयता बसतो तेव्हा हाडावर बसल्यासारखा आवाज होतो. परवापासून तो पुन्हा सुरू झालाय. सकाळच्या थंडीत अंगणात चहा घेऊन उभी राहिले की ओढ्यापलीकडून ऐकू येतो, एका लयीत, न थकता. मग उसाचं वाळलेलं पाचट पेटतं. काळी राख उडत येते आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसते. फडातून ससे पळतात, साप पळतात, एखाद्या दिवशी बिबट्याची मादी पिलं टाकून पळते आणि आख्खं गाव काठ्या घेऊन बांधावर गोळा होतं. आमच्याकडचा हिवाळा हा असा. शहरातली माणसं याच दिवसांत इकडं हुरडा खायला येतात आणि हवा किती छान आहे म्हणतात.

मला या दिवसांत हिब्रू ऐकू येतं.

सांगितलं की मित्र हसतात. पण कोयत्याचा आवाज, पाचटाचा धूर आणि घशातून खरवडून काढल्यासारखी ती भाषा, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच गाठीत बसलंय. मागं एका हंगामात आम्ही गावात इस्राईलच्या सिनेमांचा महोत्सव भरवला, आणि त्याच हंगामात चंद्राकाकूचं घर पाडलं गेलं.

गावाचं नाव सांगत नाही. राजुरीपासून लोणीपर्यंत कुठलंही धरा. एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटतात.

मी पत्रकं लिहिते. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बाकीच्या पोरी नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, मी कॉलेजात चळवळीत गेले आणि तिथून पत्रकात. पत्रकाला एक पान असतं आणि वाचणारा चालता चालता वाचतो, म्हणून विशेषणं मोठी लागतात. माझ्याकडं ती भरपूर होती. पुण्याच्या एका फिल्म क्लबनं आम्हाला चार सिनेमे देऊ केले, दोन कथापट, दोन माहितीपट, सगळे इस्राईली दिग्दर्शकांचे. तेव्हा मी बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, ज्यांची विमानं वस्त्यांवर बॉम्ब टाकतात त्यांचे सिनेमे आपण आपल्या वीजबिलावर का दाखवायचे? बहिष्काराचं पत्रक लिहूनच नेलं होतं.

सागर म्हणाला, "सुजाता, तू पत्रक आधी लिहितीस आन सिनेमा नंतर बघतीस."

सागर गावातला. त्याच्या वडिलांचा मंडप-साउंडचा धंदा, त्यामुळं पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर सगळं त्याचंच. आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात होतो. त्यानं लॅपटॉपवर ते चारही सिनेमे मला दाखवले. बघून झाल्यावर मी पहिलं पत्रक फाडलं नाही, ठेवून दिलं. दुसरं लिहिलं: इस्राईल स्वतःबद्दल काय म्हणतं ते इस्राईलच्याच तोंडून ऐका. खाली वेळ आणि जागा.

गावानं त्यातला एकच शब्द वाचला.

आमच्याकडं इस्राईल म्हणजे ठिबक. द्राक्षबागेतली ठिबक, शेडनेटमधली ठिबक, ठिबकची एजन्सी घेतलेल्या माणसाचं कौतुक. इस्राईलला जाऊन आलेले शेतकरी अजून त्या टोप्या घालून लग्नात येतात. त्यामुळं पहिल्या संध्याकाळी देवळासमोरच्या मैदानात बागाईतदार लोक वेळेआधी हजर. एकानं तर तुंबलेली नळी वेटोळं करून आणली होती.

"कंपनीचं पावणं कवा येणार?" त्यानं मला विचारलं.

"कंपनी नाही भाऊ. सिनेमा आहे."

"सिनेमा बघू की. पर त्यात फिल्टरचं दाखवतील ना? आमचं क्षारानं लई चॉकअप व्हतंय."

मी माइकवर सांगितलं की आज ठिबक नाही. मैदानातून एक उसासा उठला. पण थंडी होती, भजी गरम होती, आणि पुढच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. आप्पा उठल्याशिवाय कोण उठणार? आप्पा म्हणजे सागरचे चुलते. गावातला निम्मा ऊस त्यांचा. त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्यांच्याकडून होता आणि माझ्या पत्रकाचं त्यांनी कौतुक केलं होतं. "पोरगी हुशारे. सभापती व्हईल ही," असं म्हणाले होते.

आता पडद्याचं सांगते. आमच्या गावात जत्रेला पडदा लागतो तो दोन खांबांना बांधून, मैदानाच्या मधोमध. पुढून गाव बघतं, मागून वस्ती बघते. पांढऱ्या कापडातून चित्र आरपार दिसतंच, फक्त उलटं. हिरो डाव्या हातानं ठोसा मारतो, पाट्या उलट्या वाचाव्या लागतात. असं बसायला कुणी सांगितलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, आणि माझ्या आज्यापासून कुणी चुकलेलंही नाही. महोत्सवाची म्हणून मी खास अट घातली होती: सगळ्यांनी पुढं बसायचं. वस्तीतली तरणी पोरं बसली. म्हातारी माणसं सतरंजी उचलून, मला न विचारता, मागं गेली. मागं जाणाऱ्यांत चंद्राकाकू सगळ्यात पुढं.

चंद्राकाकू माझी चुलती, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली. ती दुसऱ्याच्या रानात कांदा काढते, ऊस बांधते, आणि गायरानाच्या कडेला, जिथून आप्पांचा फड सुरू होतो, तिथं तिचं एकटीचं घर होतं; सून, नातवंडं पुण्याला.

"काकू, पुढं चल," मी तिला म्हणाले.

"हिकडनं बी दिसतं की."

"अक्षरं उलटी दिसतात."

"सुलटी तरी मला कुठं येत्यात?"

सगळ्या बाया हसल्या. मी माइकपाशी गेले. सिनेमात खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि मी त्या मराठीत बोलत जायचे. म्हणजे पडद्यावर माणूस हिब्रूत ओरडणार आणि स्पीकरमधून माझा आवाज येणार.

पहिल्या सिनेमात बस फुटते. आधी तीन-चार मिनिटं काहीच नाही. ऊन, रस्ता, भाजीच्या पिशव्या, खिडकीशी पेंगणारा कॉलेजचा पोरगा. मग पांढरं. सागरनं आवाज मोठा ठेवला होता, देवळावरची कबुतरं उडाली. धूर खाली बसतो तेव्हा एक बाई रस्त्यावर बसून चपला गोळा करते आणि त्यांच्या जोड्या लावते. एकही जोडी पूर्ण लागत नाही. इथं संवाद नव्हता, मला बोलायला काही नव्हतं. पुढच्या रांगेतला भज्यांचा कागद चुरगळल्याचा आवाज आला तेवढाच. नंतर त्या बाईचा दुसरा मुलगा सैन्यात जातो आणि पलीकडच्या गल्लीत शिरून कुणाच्या तरी घराचं दार बुटानं फोडतो. आत एक म्हातारा जेवत असतो. पोरगा त्याचं ताट उडवतो. का उडवलं ते त्यालाच कळत नाही. कॅमेरा त्या सांडलेल्या भातावर थांबतो, खूप वेळ.

माझ्या पत्रकातली विशेषणं मी मनात लावून बघत होते. एकही त्या भातावर चिकटत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी माहितीपट होते. पहिल्यात म्हातारे झालेले सैनिक आपापल्या स्वयंपाकघरात बसून सांगतात, आम्ही काय काय केलं. एकजण संत्रं सोलत सोलत सांगतो, एका गावातली घरं कशी उडवली, माणसं कुठं उभी केली. साल एका दमात निघते, लांब, न तुटता. मी त्याचं वाक्य मराठीत बोलले: "आम्हाला सांगितलं होतं की तिथं कुणी राहत नाही." पुढून कुणीतरी म्हणालं, "साल बघ कसली काढली गड्यानं." हसायला आलं नाही कुणाला.

दुसरा माहितीपट एका टेकडीवरच्या गावाचा. गाव अरबांचं, कॅमेरा धरणारा इस्राईली. शेजारच्या टेकडीवर नवी वसाहत झालीये, लाल कौलांची. सैनिक येतात, मागून बुलडोझर. जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं मुळासकट निघतात. त्यांच्या मुळांना माती धरून असते आणि ती हवेत गळत राहते. कॅमेरा वळतो तर वसाहतीच्या बागेत गुलाब, आणि गुलाबाच्या बुडाशी काळी नळी.

"ती बघ ठिबक," नळी आणणारा माणूस उठून उभा राहिला. त्याला अखेर हवं ते दिसलं होतं. "ड्रिपर बघ राव, कसा एकसारखा पडतोय थेंब."

मग तो खाली बसला. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "पर पाणी कुणाचं म्हणायचं ते?"

आप्पा मागं न बघता म्हणाले, "ज्यानं पाइपलाइन केली त्याचं."

पडद्यावर मशीन एका घराकडं वळतं. घरातली बाई बाहेर येत नाही. सैनिक ओरडतात. ती येते तेव्हा तिच्या पाठीवर दार असतं, बिजागऱ्यांवरून उचकटलेलं. दार घेऊन ती सैनिकांच्या मधून चालत जाते आणि मागं घर खाली बसतं, गुडघे मोडल्यासारखं.

पडद्यामागून बायांची कुजबुज आली. "दार कशाला न्हेलं तिनं? भांडी न्यायची, कपडे न्यायचे."

"दार ऱ्हायलं की घर पुन्यांदा हुबं ऱ्हातं," चंद्राकाकू म्हणाली. तिला माहीत होतं. वरच्या अंगाला धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली, तेव्हा डोंगरातल्या लोकांनी आधी दारं काढली होती. भिंती माती होत्या, पण दारं सागवानी. त्यातलंच एक माझ्या चुलत्यानं बैलगाडीत घालून आणलं आणि त्या दाराच्या मापानं मग घर बांधलं. आधी दार, मग घर. काकू ते दार पावसाळ्यापूर्वी तेल लावून पुसायची आणि म्हणायची, एकदा बुडता बुडता वाचलंय बिचारं.

सिनेमा संपल्यावर सागर वायरी गुंडाळत होता. काकू त्याच्यापाशी आली.

"ह्ये शूटिंग करणारा त्यांच्यातलाच ना रं?"

"हो काकू. इस्राईलचाच."

"मंग त्यानं मशीनवाल्याचा हात का नाय धरला? नुसतं बघत काय बसला?"

"हात धरला असता तर दोन मिनिटांत बाजूला फेकला असता त्याला. आन आज आपल्याला कायच दिसलं नसतं."

"दिसून काय झालं? घर पडलंच की तिचं."

सागर पुन्हा वायरी गुंडाळायला लागला. माझ्याकडं दोन्ही बाजूंनी लिहायला पत्रक होतं, आणि काकूला पत्रक नको होतं.

तिसऱ्या संध्याकाळी डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. हंगामात जळतोच, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू. नवा डीपी येईपर्यंत अख्खं गाव अंधारात आणि आमचा शेवटचा सिनेमा राहून गेला. मैदानातला पडदा सागरनं काढला नाही. दिवसा तो वाऱ्यानं फडफडायचा आणि त्यावर पाचटाची राख चिकटायची.

त्या मधल्या दिवसांत ते झालं.

आप्पांच्या फडातून डांबरी रस्त्याला जायचं तर उसाच्या ट्रॉलीला ओढ्याला वळसा घालावा लागतो. काकूचं घर नसतं तर सरळ रस्ता होता. हे बोलणं जुनं होतं. काकूला सांगून झालं, दमात घेऊन झालं, तिच्या कोंबड्या मेलेल्या सापडून झाल्या. त्या सकाळी जेसीबी आला. नोटीस नाही, हुकूम नाही, एकही सरकारी माणूस नाही. भाड्याचं मशीन, आप्पा, आणि त्यांच्या भावकीतले तगडे गडी. मी तेव्हा मंचरला छापखान्यात होते. वस्तीतली माणसं कामावर गेलेली. त्यांनी वेळ बरोबर निवडली होती.

मी आले तेव्हा विटांवर धूळ अजून बसायची होती. काकू लिंबाखाली मांडीवर उजवा हात घेऊन बसली होती. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. शेजारी दार, उभं, झाडाला टेकवलेलं. ते तिनं काढलं होतं. मशीनचा दात भिंतीत शिरत असताना ती आत होती आणि वरवंट्यानं बिजागरीचे खिळे ठोकून काढत होती. छपराचा वासा तिच्या हातावर आला.

आणि बांधाच्या कडेला सागर पालथा पडलेला. त्याच्या तोंडाखालची माती भिजली होती. आप्पांच्या घरून मशीन निघालेलं बघून तो मागोमाग आला, फोन काढला आणि शूटिंग करत राहिला. काकू आत आहे म्हणून ओरडत मशीनसमोर गेला तरी फोन खाली घेतला नाही. मग त्याच्याच भावकीनं त्याला कोयत्याच्या दांड्यांनी मारलं. त्याच्या सख्ख्या चुलतभावानं त्याचा फोन दगडावर ठेवून दगडानं ठेचला. ठेचायच्या आधी, मार खाता खाता त्यानं पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडं येऊन पडला होता. मी परतीच्या एसटीत होते, मला वाटलं लग्नाचं काहीतरी असेल.

दवाखान्यात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या. काकूच्या हाताला प्लास्टर, सागरच्या जबड्याला तारा. काकू त्याच्या खाटेकडं वळली.

"हात तरी धरायचास मशीनवाल्याचा," ती म्हणाली.

"धरला की," सागर दातांच्या फटीतून म्हणाला. "म्हणून तर दात ग्येले."

काकू हसली आणि मग रडली. तिला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

आमच्याकडं बिबट्यानं शेळी नेली तर त्याच दिवशी पंचनामा होतो. काकूच्या घराचा व्हायला आम्हाला रस्त्यावर बसावं लागलं, आणि झाला तेव्हा त्यात आलं: जुनं मोडकळीस आलेलं बांधकाम, कुणी राहत नव्हतं, उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून पडलं. गावात ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. कुणी राहत नव्हतं. संत्रं सोलणारा म्हातारा मला आठवायचा. त्यानं निदान म्हातारपणी खरं सांगितलं होतं.

व्हिडिओ माझ्याकडं आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. वकिलाला एक प्रत दिली. वकील म्हणाले, कोर्टात वर्षं जातील, तोवर धीर धरा. मी काकूला ते सांगायला गेले. ती आमच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं भाकरी खात होती.

"तोवर गाव काय म्हनंल?"

"म्हणेल की घर आपोआप पडलं."

"आन माझी सून, नातवंडं पुण्यावरनं येतील, तवा त्यांना बी त्येच सांगतील. म्हातारी खोटं बोलती म्हनून." तिनं भाकरी खाली ठेवली. "तुमचा एक सिनेमा ऱ्हायलाय ना?"

नवा डीपी बसला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी आम्ही स्पीकरवर पुकारलं: महोत्सवाचा शेवटचा सिनेमा. गाव आलं. थोडं सागरला बघायला आलं, थोडं मला. आप्पा नेहमीच्या खुर्चीवर. फोन ठेचलेला त्यांनी डोळ्यांनी बघितला होता, त्यामुळं निवांत होते. मला म्हणाले, "चालू दे पोरी. कला वेगळी, भांडणं वेगळी." सागर प्रोजेक्टरमागं, सुजलेलं तोंड मफलरमध्ये. पडद्यावरची राख कुणी झटकली नव्हती.

मी माइक घेतला. बोलायचं तयार होतं, चांगलं दोन पानी. पडद्याच्या कडेनं काकू पुढं आली आणि तिनं माझ्या हातातला माइक खाली केला.

"तू काय बोलू नको. ह्याला भाषांतर लागत नाय."

तिच्या मागून वस्तीतल्या बाया आल्या. सतरंज्या घेऊन, एकामागून एक, पडद्याच्या त्या बाजूनं या बाजूला. कुणी घोषणा दिली नाही. बाया नुसत्या खुर्च्यांच्या पुढं आल्या आणि अंथरायला लागल्या. पुढच्या रांगेतल्यांना पाय आत घ्यावे लागले. आप्पांनीही घेतले.

"काय गं चंद्रे," आप्पा म्हणाले, "तिकडनं दिसत न्हवतं व्हय?"

काकू त्यांच्या गुडघ्यापाशीच बसली. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला. सागरनं बटन दाबलं. पडद्यावर आधी धूळ आली, मग पिवळं मशीन, मशीनशेजारी आप्पांची पांढरी टोपी, आणि समोर ते घर, अजून उभं.

"दिसत व्हतं की," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पर तिकडनं दार डावीकडं दिसलं असतं. माझं दार उजवीकडं व्हतं."